अर्जदार क्रमांक दोन

वडिलांचं प्रेत ओसरीवर ठेवलं होतं आणि आईला पायरीवरच अडवलं.

अडवलं ते वडिलांच्या मोठ्या भावानं. तंजावूरच्या राजवाड्यामागे ज्या आतल्या गल्ल्या आहेत, तिथं त्यांना सगळे 'थोरले' म्हणतात. त्यांनी हात आडवा केला नाही. हात लागला असता. छत्री आडवी धरली. आधी तमिळमध्ये बोलले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळावं म्हणून. मग मराठीत, आम्हाला लागावं म्हणून.

"ठेवलेल्या बाया मागच्या दारानं येत असतात. आम्ही ते दार कधीच बुजवलं."

दोन-तीन पुरुष हसले. प्रेत समोर असताना हसले. एकानं तोंडावर उपरणं धरलं, एवढीच लाज.

आत वडिलांच्या उशाशी एक बाई बसली होती. त्यांची दुसरी बायको. भटजी बोलावून, होम पेटवून केलेली. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. आईच्या हातात हार होता. तो तिनं पायरीवर ठेवला. थोरल्यांनी तो छत्रीच्या टोकानं गटारात लोटला.

मी बावीस वर्षांची होते. बी.ए. झालेली. कॉलेजच्या फाटकावर पत्रकं वाटणारी, सभांमधून तावातावानं बोलणारी. त्या दिवशी मी आईचा हात धरला आणि मागं फिरले. आम्ही दोघी चालत बस स्टँडवर आलो.

ओरत्तनाडूला, आम्ही राहतो तिथं, जाणारी बस भरलेली होती. आईला खिडकी मिळाली. भातखाचरं मागं पळत होती आणि ती त्यांच्याकडे बघत बोलली, जणू माझ्याशी बोलतच नव्हती.

"जज्जानं सांगितलं होतं. भर कोर्टात. ही याची बायको आहे म्हणून. तो कागद कोर्टात असेल. मला तो आणून दे."

इतकी वर्षं तिनं काही मागितलं नव्हतं.

आता सांगायला हवं की आम्ही कोण. तेही मराठी, आम्हीही मराठी. त्यांचे पूर्वज तंजावूरच्या मराठा राजाच्या पंक्तीला बसायला इथं आले, आमचे राजाच्या घोड्यांच्या झुली शिवायला. राजा गेला, घोडे गेले, पंक्ती मात्र तशीच राहिली. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, शिंपी. त्यांच्या दुकानात मशीनपेक्षा पत्रकं जास्त. देव नाही, भट नको, बाई माणूस आहे, असली तमिळ पत्रकं. ते पायानं मशीन चालवायचे आणि मला मोठ्यानं वाचायला लावायचे. अडखळले की म्हणायचे, पुन्हा. नागरी लिपी मी फार उशिरा शिकले, महाराष्ट्रातून टपालानं येणाऱ्या पत्रकांवरून. आमच्या गल्लीत ती कुणाला येत नाही.

माझे वडील तरुणपणी त्या दुकानात यायचे. थोरल्यांच्या घरातलं बंडखोर पोर. माझ्या आईशी त्यांनी त्याच दुकानात लग्न केलं. भटजी नाही, होम नाही. दोन हार, आजोबांचं भाषण, सगळ्यांना कॉफी. आमच्याकडे याला स्वाभिमानाचं लग्न म्हणतात. राज्याच्या कायद्यानं ते पक्कं लग्न आहे. मी पोटात असताना वडिलांचं बंड ओसरलं. ते घरी परत गेले. घरानं त्यांना धुऊन घेतलं आणि कोर्टाचा निकाल लागल्यावर होमासमोर दुसरी उभी केली. त्याआधी आई मला घेऊन पोटगीसाठी कोर्टात गेली होती. जज्जानं तिच्या बाजूनं निकाल दिला. इंग्रजीत लिहिलेला. आजोबांनी वकिलाला विचारलं, नक्कल काढायची का. वकील म्हणाला, कशाला, जिंकलात ना. आणि आजोबा, जन्मभर छापील कागदावर जगलेले आजोबा, त्या एका तोंडी शब्दावर घरी आले.

आई ओरत्तनाडूला सरकारी वसतिगृहात स्वयंपाक करते. वसतिगृह राजाच्या काळातल्या जुन्या छत्राच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेच्या, आवारात आहे. लोक सांगतात, ते छत्र एका राजानं आपल्या लाडक्या बाईच्या नावानं बांधलं. ती राणी नव्हती. राजाची ठेवलेली असली की तिच्या नावानं छत्र. शिंप्याची लग्न केलेली पोर असली की मागचं दार.

मी तंजावूरच्या कोर्टात गेले.

ते दिवस सगळं खुलं होण्याचे होते. बाजार खुला झाला, परदेशी शीतपेयं आली, कोर्टासमोर एसटीडी बूथ आणि झेरॉक्सची दुकानं ओळीनं उभी राहिली. कोर्टाच्या आत मात्र सुतळीनं बांधलेली गाठोडी होती आणि गाठोड्यांपुढे माणसं. कौटुंबिक न्यायालय असं वेगळं तेव्हा तंजावूरला नव्हतं. नवराबायकोचे दावे दिवाणी कोर्टात चालायचे म्हणून मी आधी तिथं गेले. तिथं म्हणाले, पोटगी आमच्याकडे नाही, मॅजिस्ट्रेटकडे. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात म्हणाले, इतकं जुनं इथं नसतं, अभिलेख कक्षात. अभिलेख कक्षात म्हणाले, खटल्याचा नंबर आण. नंबर कुठून आणू? नंबर कागदावर आणि कागद तुमच्याकडे. कारकून तमिळमध्ये हाकलत होते, वकील इंग्रजीत. मी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जात होते आणि आई पिशवी छातीशी धरून माझ्यामागं.

नकला देण्याच्या खोलीबाहेर आई वैतागून मला मराठीत म्हणाली, चल, पाय मोडले. खिडकीमागचा हेडक्लार्क मान वर करून बघायला लागला. गोरा, कपाळावर गंध, शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

"आपली माणसं का तुम्ही?" त्यानं मराठीत विचारलं.

हे ज्याला तंजावूर माहीत नाही त्याला कळणार नाही. बाजारात तमिळ, शाळेत तमिळ, ऑफिसात तमिळ आणि इंग्रजी. मराठी फक्त चुलीपाशी. ती सुद्धा तमिळच्या चालीवर चढणारी, तिकडच्या मराठी माणसाला हसू येईल अशी. ती बोली सरकारी खिडकीच्या पलीकडून ऐकू आली की माणूस विरघळतो. आईचे डोळे भरले. मलाही वाटलं, संपलं, पोहोचलो.

त्यानं आम्हाला बाकावर बसवलं. मला म्हणाला, मामा म्हण. जुनी रजिस्टरं स्वतः काढून दिली, शोधू दिलं, आणि आईनं सांगितलेल्या आठवणीवरून नंबर सापडलाही. अर्ज त्यानंच सांगितला, मी लिहिला. त्यात खटल्याचा नंबर, आईचं नाव आणि खाली माझी सही, 'मुलगी' म्हणून. आई कामावरची, तिला रोज कोर्टात कुठं येता येणार, म्हणून तूच कर सही, असं तोच म्हणाला.

इथली रीत अशी. अर्ज दिला की तो आत जातो. नकलेची पानं मोजली की बाहेरच्या फलकावर यादी लागते, कुणी किती स्टॅम्प कागद आणून द्यायचे त्याची. यादी लागल्यापासून ठरलेल्या दिवसांत कागद आले नाहीत तर अर्ज रद्द. म्हणून नकलेसाठी आलेली माणसं फलकासमोर माना वर करून उभी असतात, पाऊस बघतात तशी. मीही उभी राहायला लागले. मामानं हाक मारली. म्हणाला, तू कशाला उन्हात उभी राहतेस, आपली माणसं आहात. यादी लागली की मी सांगेन. पुढच्या आठवड्यात ये.

मी पुढच्या आठवड्यात गेले. म्हणाला, अजून नाही. आई पुरणाचे कडबू करून घेऊन आली. कामावरून मिळालेला सुट्टीचा दिवस मोडून, पहाटे उठून केलेले. तिनं डबा खिडकीतून आत दिला. त्यानं तो दोन बोटांनी घेतला, टेबलावर न ठेवता खाली जमिनीवर ठेवला आणि शिपायाला म्हणाला, तू खा रे, माझं बाहेरचं चालत नाही. हे तो तमिळमध्ये म्हणाला. आमच्याकडे वळून मराठीत म्हणाला, छान वास येतोय हो.

मी पाहिलं. आईनंही पाहिलं. आम्ही दोघींनी ते गिळलं. आपला माणूस म्हणून.

त्याच्या पुढच्या आठवड्यात फलकावर रद्द झालेल्या अर्जांची यादी होती. त्यात आमचा नंबर.

मला आधी वाटलं, चूक आहे. मी धावत खिडकीशी गेले. मामा, असं कसं, म्हणाले. खिडकीसमोर पंधरा-वीस माणसं होती. वकिलांचे कारकून, एक पोलीस, पोरं कडेवर घेतलेल्या दोन बाया. तो खुर्चीतून उठला नाही. मला उत्तर त्यानं तमिळमध्ये दिलं, मोठ्यानं. यादी लागली होती, मुदतीत स्टॅम्प आले नाहीत, नियम आहे. मी म्हणाले, तुम्हीच सांगितलं होतं, बघायला येऊ नको. तो म्हणाला, मी? कुठं लिहिलंय?

मग त्यानं माझा अर्ज समोर घेतला आणि वाचून दाखवला. मला नाही, रांगेला.

"'मुलगी' म्हणून सही आहे. पोरी, बापानं कधी कबूल केलं होतं का? खटला एका बाईनं एका सभ्य माणसावर केलेला. तू त्यात कोण? तुझा काय संबंध? परक्यानं नक्कल मागायची तर जज्जाची परवानगी लागते. ठेवलेल्या बायांच्या पोरांनी उठून जुनी गाठोडी उचकायची, असं कोर्ट चालत नाही."

पोलीस हसला. कडेवर पोर घेतलेली एक बाई माझ्यापासून थोडी सरकली. तेवढं सरकणं मला अजून आठवतं.

नंतर तो वाकून हळूच मराठीत बोलला. घरातलं बोलतात तसं. थोरल्यांच्या घरी त्याचं उठणं-बसणं होतं, सणावाराला त्यांच्या पंक्तीला पान मांडलेलं असायचं. तो म्हणाला, त्या घराची अब्रू आहे, तुझ्या आईचं काय जातंय आता. पोंगलच्या सणानंतर जुनी प्रकरणं नष्ट करायला काढणार आहेत. गप्प राहा. आपली माणसं आहात म्हणून सांगतो.

मी बाहेर आले. लाज वाटत नव्हती. मला कळत होतं की मी कुठं फसले, आणि ते कळणं चटके देत होतं. मला तमिळ कारकुनानं फसवलं नव्हतं. इंग्रजी वकिलानं नव्हतं. त्यांनी हाकललं तेव्हा मी फलकाशी जाऊन उभी राहिले होते, सावध होते. माझ्याशी माझ्या बोलीत बोलून मला फलकापासून दूर नेलं गेलं. माझ्या आजोबांना तोंडी शब्दावर घरी पाठवलं. मलाही. हे लोक आपल्याशी बोलतात फक्त तोंडानं, कारण तोंडानं बोललेलं उद्या नाही म्हणता येतं. आपलं माणूस! कोण कुणाचं? बोली एक असली तरी डबा जमिनीवरच ठेवला जातो.

दुसऱ्या दिवशी मी आईच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेले. आई मोठ्या पातेल्यातला भात उलथत होती. मी तिला सगळं सांगितलं. ठेवलेली हा शब्द गाळला. पण परकी म्हणाला, हे सांगितलं. खटल्यात तू कोण, असं म्हणाला.

आईनं उलथणं थांबवलं नाही.

"तू कोण म्हणजे? तू होतीस की. तुझंही नाव पुकारलं होतं."

मी विचारलं, कुठं.

मग तिनं सांगितलं. कोर्टाचा पट्टेवाला दारात येऊन नावं पुकारायचा, तीनदा. आधी तिचं पुकारलं, ती हजर म्हणाली. मग माझं पुकारलं. सगळे इकडेतिकडे बघायला लागले, कारण मी आजोबांच्या खांद्यावर झोपले होते. तीनदा पुकारून कुणी ओ दिली नाही तर खटला जातो, हे आजोबांना ठाऊक होतं. त्यांनी मला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं आणि ओरडले, हजर. मी जागी होऊन रडायला लागले. जज्ज हसला. म्हणाला, अर्जदार क्रमांक दोन हजर आहे, नोंद घ्या.

आई हे सांगताना हसत होती. मी चुलीपाशी उभी होते. धूर डोळ्यांत जात होता, पण मी हलले नाही. तेव्हा मला बोलता येत नव्हतं, तरी मी त्या खटल्यात होते. आणि आता चांगलं बोलता येत असून मला कुणी परकी म्हणालं आणि मी खिडकीपासून मागं फिरले.

मी कोर्टात परत गेले तेव्हा खिडकीसमोर गर्दी असेल अशीच वेळ निवडली.

नवा अर्ज दिला. अर्जदार क्रमांक दोन, तेव्हा अज्ञान, आता सज्ञान, स्वतःसाठी. हेडक्लार्कनं वाचलं. वर पाहिलं. मराठीत सुरू झाला, बाळ, मी तुला समजावलं होतं ना. मी त्याला मध्येच तोडलं. तमिळमध्ये, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं.

"सार, तमिळमध्ये बोला. मी या खटल्यातली पक्षकार आहे. नक्कल द्यायची नसेल तर का देत नाही ते अर्जावर लिहा, सही करा, तारीख घाला. तोंडी मला काही नको."

तो म्हणाला, मामाशी असं बोलतात? तेही मराठीत. मी म्हणाले, मला इथं मामा नाही.

त्यानं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. मागं उभा असलेला एक म्हातारा वकील, ज्याला मी ओळखत नव्हते, कंटाळून म्हणाला, पक्षकार असेल तर घे ना अर्ज, लोकांना खोळंबवू नको. माझ्या बाजूनं नव्हता तो. त्याला घाई होती. पण अर्जावर शिक्का पडला.

त्या दिवसापासून मी फलकासमोर उभी राहिले. रोज. त्यानं दोनदा शिपायाकरवी निरोप पाठवला, उगाच उभी राहू नको म्हणून. मी हलले नाही. तिसऱ्यांदा त्यानं मला पाहून नजर फिरवली. यादी शुक्रवारी संध्याकाळी लागली, पोंगलची सुट्टी तोंडावर असताना. मी तिथंच होते. स्टॅम्प कागद पिशवीत तयार होते.

नक्कल मिळाली. इंग्रजी, पिवळट कागद, जांभळा शिक्का. त्यात होतं की अर्जदार क्रमांक एकचा सामनेवाल्याशी, म्हणजे वडिलांशी, नातेवाइकांसमोर, हार घालून, राज्याच्या कायद्याप्रमाणे विवाह झाला आहे. ती त्याची विवाहित पत्नी आहे. अर्जदार क्रमांक दोन ही त्यांची मुलगी. आणि होतं की हा निकाल सामनेवाला हजर असताना, उघड्या कोर्टात वाचून दाखवण्यात आला.

मी आईला ते मराठीत करून सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "म्हणजे त्यानंही ऐकलं होतं." एवढंच. मग ती तांदूळ निवडायला बसली. ऐकून, माहीत असून, तो माणूस इतकी वर्षं त्या घरात जेवला आणि भावाला एकदाही म्हणाला नाही की हा शब्द वापरू नको.

मला चैन पडेना. कागद हातात होता, तरी पडेना. मी तो पुन्हा पुन्हा वाचत होते. आई बायको ठरली. मग होमासमोर बसवलेली ती दुसरी? पहिली बायको जिवंत असताना केलेली. या कागदानं तिचं लग्न पुसलं जातं. म्हणजे थोरल्यांचा तो शब्द आईवरून उठणार आणि तिच्यावर जाऊन बसणार. शब्द तोच. शब्द फेकणारे तेच. फक्त बाई बदलणार. मी जिंकून हेच करणार होते?

हेडक्लार्क मला कोर्टाच्या फाटकाशी भेटला. त्यालाही तेच दिसत होतं. गयावया करत होता. म्हणाला, नक्कल घेतलीस, आता घरात ठेव. त्या बाईला आणि तिच्या बापाला तेव्हा सांगितलं होतं की पहिलीचा खटला फेटाळला गेला. नाहीतर त्यांनी पोर दिली असती का? आता तिला कळलं तर ती कुठं जाईल?

म्हणजे तिलाही तोंडीच सांगितलं होतं.

मी घरी जाऊन आईला म्हणाले, एक नक्कल मी तिला नेऊन देणार. आईनं हातातलं सूप खाली आपटलं. ती माझ्या जागेवर बसली, म्हणाली. प्रेताजवळ बसली. मी म्हणाले, बसवली. आई चार दिवस भिंतीकडे तोंड करून झोपली. ती चुकली असं मी म्हणत नाही. तिच्या जागी हार घेऊन मी उभी नव्हते. पण थोरल्यांनी बायकांना लावलेलं लेबल एकीवरून काढून दुसरीवर चिकटवायला मी कोर्टात गेले नव्हते. ते लेबल ज्याच्या तोंडातून येतं, ते तोंड मला सगळ्या गल्लीसमोर उघडं पाडायचं आहे. त्याला दोघी लागतील. ती माझ्या तोंडावर दार लावेल, कदाचित थुंकेल. तरी कागद तिच्या हातात पडेल, शिक्क्यासकट, आणि मी तो तिला समजेल त्या भाषेत, पायरीवर उभी राहून, मोठ्यानं वाचेन.

मी पुन्हा खिडकीशी गेले. दुसऱ्या नकलेचा अर्ज. त्यात एक रकाना असतो, नक्कल कशासाठी हवी. पक्षकारानं तो रिकामा सोडला तरी चालतो. मी भरला. सामनेवाल्याच्या घरात फसवून आणलेल्या दुसऱ्या स्त्रीस देण्यासाठी.

हेडक्लार्कनं वाचलं. तमिळमध्ये, अगदी हळू आवाजात म्हणाला, हा रकाना खोडा. दोन घरं बुडतील.

मी म्हणाले, शिक्का मारा.

त्यानं मारला. मी जाऊन फलकासमोर उभी राहिले.